ताईची न चुकलेली बेरीज

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला लोक 'बत्तिशी' म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते असं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा परक्याशी बोलताना "आमचे बत्तिशी" म्हणायची. त्याची कामाची खोली दवाखान्यांच्या गल्लीत, एका इमारतीच्या तळघरात होती. वर रस्त्यालगत एक आडवी खिडकी, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. आत प्लॅस्टरची पांढरी भुकटी, मेणाचा वास, आणि फळीवर ओळीनं मांडलेले जबड्यांचे साचे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. बत्तिशी ते प्लॅस्टरमध्ये उतरवायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि त्याची कवळी करून परत धाडायचा. ज्यांची तोंडं त्यानं कधी पाहिली नाहीत अशी कितीतरी माणसं त्याच्या हातचं हसू घेऊन गावात हिंडत होती.

या धंद्यात वाट पाहणं फार. प्लॅस्टर घट्ट व्हायला वेळ, मेण निवायला वेळ, आणि साचा एकदा गरम पाण्यात शिजायला ठेवला की दुपार गेलीच म्हणायची. अशा रिकाम्या वेळात माणूस काहीतरी चाळा शोधतो. कुणी शब्दकोडी सोडवतो, कुणी डुलकी काढतो. बत्तिशीनं शेअर बाजार शोधला.

सुरुवात साधी होती. ज्यांची सर्वांत जास्त कामं त्याच्याकडे यायची त्या एका डॉक्टरांनी त्याला मोबाईलवर दलालाचं ॲप घालून दिलं. सकाळी घ्यायचे, चार पैसे वर गेले की दुपारी विकायचे. पहिल्या महिन्यात बत्तिशीला वाटलं, एवढं सोपं आहे तर लोक नोकऱ्या कशाला करतात? दुसऱ्या महिन्यात त्याला कळलं, कशाला करतात ते. पण तोवर बोटाला सवय लागली होती. प्लॅस्टर ओतला की फोन उघडायचा, प्लॅस्टर वाळला की बंद करायचा. चार जिंकायचे, पाच हरायचे, आणि आठवायचे फक्त ते चार.

आता या नादाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो, आणि तिथं या गोष्टीत ताई येते.

ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात पाळीवर जायची, तेव्हा याचं न्हाणंधुणं, वेणीफणी नाही पण भांग पाडणं, सगळं ताईनं केलेलं. भांग पाडता पाडता ती त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायची आणि चुकला की कंगव्यानं टाळूवर टिचकी मारायची. पुढं ती कागदाच्या एका मोठ्या गोदामात हिशेबनीस झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. इतक्या वर्षांत तिचा ताळेबंद जुळला नाही असं एकदाही झालं नव्हतं, आणि याचा तिला जो अभिमान होता तो ती झाकूनही ठेवत नसे. निवृत्तीनंतर तिनं स्वतःच्या इमारतीचे हिशेब घेतले, कोपऱ्यावरच्या वाचनालयाचे घेतले, आणि धाकट्या भावाचं कराचं विवरणपत्र तर आधीपासून तीच भरायची. "दुसऱ्या कुणाला पैसे देऊन चुका करून घ्यायच्या, त्यापेक्षा माझ्याकडे ये," असं तिचं म्हणणं.

बाजाराच्या आधी ते काम तासाभराचं होतं. नंतर ते वाढत गेलं. दिवसाला दहा-दहा व्यवहार करणाऱ्या माणसाचा हिशेब म्हणजे गुंतलेली लोकर. विकलेल्या प्रत्येक शेअरला त्याची खरेदी शोधून जोडायची. आधी घेतला तो आधी विकला असं धरायचं. तो किती दिवस हाती होता ते बघायचं, त्याच दिवशी घेऊन विकलेले वेगळे काढायचे, दलाली वजा करायची, आणि तोटा राहिला तर पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वळता करण्यासाठी तो पुढे ओढायचा. ताई हे सगळं रेघा आखलेल्या कागदांवर, पेन्सिलीनं करायची. बत्तिशी समोर बसून एकेक ओळ वाचून दाखवायचा. मधूनमधून भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चहा ठेवून जायचे आणि "अजून लढाई चालूच का?" असं विचारायचे. अशा तीन-चार रविवारांची ती बैठक. बत्तिशीची बायको थट्टेनं म्हणायची की, लोक सुट्टीत समुद्रावर जातात, आमचे हे ताईंच्या जेवणाच्या टेबलावर जातात.

ताई नुसतं लिहून घेणारी असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण ती विचारायची. "हा सकाळी घेतलास आणि दुपारी तोट्यात विकलास. का रे?" बत्तिशी काहीतरी सांगायचा. ती पेन्सिल थांबवून त्याच्याकडे बघायची आणि पुढची ओळ घ्यायची. एकदा सगळी बेरीज मारून झाल्यावर तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "वर्षभर खपून तुला जे मिळालं त्याहून जास्त त्या दलालाला मिळालंय. दात कोरून पोट भरत नसतं, हे तुला मी सांगायचं?" भाऊजी हसले. बत्तिशीही हसला. पण घरी जाताना त्याला आपल्या टाळूवर कंगव्याची टिचकी बसल्यासारखं वाटत राहिलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते सोसत नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. दातांचं काम आता संगणकावर करणारी यंत्रं निघाली होती. तोंडात एक कांडी फिरवायची, पडद्यावर जबडा दिसतो, आणि यंत्र दात कोरून देतं. तसं एक यंत्र घ्यायचं म्हणून बत्तिशी आणि त्याची बायको काही वर्षं पैसे बाजूला ठेवत होती. बायकोनं त्यासाठी स्वयंपाकघराची दुरुस्ती पुढं ढकलली होती, ओट्याखालचं दार दोरीनं बांधून चालवत होती. बत्तिशीनं त्यातले थोडे पैसे बाजारात घातले. ते थोडे परत आणण्यासाठी आणखी थोडे घातले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर्षाअखेरीस त्या पैशातला निम्म्याहून अधिक भाग गेला होता आणि ताकास तूर लागू न देता बत्तिशी घरात वावरत होता.

बायको कधी स्टेटमेंट बघत नसे. पण ताई बघणार होती, ओळ न ओळ बघणार होती. तिच्यासमोर बसून ते आकडे आपल्याच तोंडानं वाचायचे, हे त्याला नको होतं. विवरणपत्राचे दिवस जवळ आले तसा तो ताईचे फोन उडवू लागला. काम फार आहे, डॉक्टर घाई करतात, पुढच्या रविवारी बघू.

त्याच सुमारास डॉक्टरांनी त्याला ते ऑनलाइन सॉफ्टवेअर सांगितलं. ते म्हणाले, आपण काही करायचं नाही, दलालाच्या खात्याला जोडून द्यायचं, सगळे व्यवहार ते आपणहून ओढून घेतं. बत्तिशीनं एका दुपारी, साचे शिजायला ठेवून, मुलीनं सोडून दिलेला जुना लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक चक्र फिरलं आणि वर्षभराचे सगळे व्यवहार भराभर खाली उतरले. खरेदीला विक्री जोडली गेली, दिवसाच्या दिवसाचे वेगळे झाले, दलाली वजा झाली. जिथं ताईच्या पेन्सिलीला तीन रविवार लागत तिथं साच्यांचं पाणी उकळायच्या आत सगळं आटोपलं. एकच ओळ लाल झाली. जुन्या दलालाकडून नव्याकडे आणलेल्या एका शेअरची खरेदीची किंमत त्याला सापडत नव्हती. बत्तिशीनं ताईनं मागच्या वर्षी दिलेली प्रत काढली, तिच्या बारीक अक्षरात ती किंमत होती, ती भरली आणि लाल ओळ हिरवी झाली.

मग सॉफ्टवेअरनं विचारलं, मागचं वर्षही तपासून पाहू का? त्यानं सहज 'हो' दाबलं. मागच्या वर्षीचे सगळे व्यवहार उतरले, आणि खाली जो आकडा आला तो त्यानं ताईच्या कागदाशी ताडून पाहिला. पैचा फरक नव्हता. त्याला त्या क्षणी ताईचा अभिमान वाटला होता, हे पुढं त्याला फार टोचत राहिलं.

पण त्या दुपारचं खरं सुख वेगळं होतं. यंत्रानं 'का रे?' असं विचारलं नाही. एवढा तोटा झाला, तो त्यानं मुकाट्यानं एका चौकटीत टाकला, पुढच्या वर्षी वळता करता येईल असं खाली लिहिलं, आणि 'पुढे' असं बटण दाखवलं. बत्तिशीनं बटण दाबलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. तिनं कागद आखून ठेवले होते. भाऊजींना त्या रविवारी बाहेर जायचं होतं तेही तिनं रद्द करवलं होतं. बत्तिशीनं तिला सांगितलं की यंदा तुला त्रास नाही, मी ते संगणकावर केलं. ताई म्हणाली की, बरं केलंस, पण इतक्या ओळी यंत्रानं केल्या म्हणतोस तर एकदा नजरेखालून घालते, कागद घेऊन ये. तो म्हणाला, गरज नाही. ती म्हणाली, गरज नसली तरी आण. तो म्हणाला, वेळ नाही. ती म्हणाली, मग मीच येते तुझ्या दुकानात.

माणूस कोंडीत सापडला की जे हाताला लागेल ते फेकतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ते झालं.

"ताई, तू तपासून काय होणार?" तो म्हणाला. "त्या सॉफ्टवेअरनं तुझीच एक चूक काढली. मागच्या वर्षीची."

पलीकडे कागद सारल्याचा आवाज आला.

"कुठली?"

"अगं, किरकोळ. एक बेरीज होती. मी नीट करून टाकली. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही नाही," ताई म्हणाली. "बरं झालं सांगितलंस."

आणि तिनं फोन ठेवला. ती दुकानात आली नाही. बत्तिशी साचे पाण्यातून काढायला उठला.

त्या महिन्यात तिचे दोन फोन आले. ती बेरीज कोणत्या पानावर होती, एवढंच तिला हवं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला की लॅपटॉप दुकानात राहिलाय. दुसऱ्यांदा म्हणाला की ते आता दिसत नाही, एकदा भरून पाठवलं की बंद होतं. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

वर्षं काही कुणासाठी थांबत नाहीत. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर आणखी हुशार झालं होतं. रविवारच्या बैठका गेल्या आणि त्यांच्याबरोबर ताईकडे जाणंही विरळ झालं. बहीणभावांना भेटायला कारण कशाला लागतं, असं आपण म्हणतो खरं, पण कारण नाहीसं झालं की कळतं. कानावर आलं की ताईनं इमारतीचे हिशेब सोडले. मग वाचनालयाचेही. बत्तिशीला वाटलं, वय झालं, दगदग नको वाटत असेल. एकदा तो तिच्याबरोबर भाजी घ्यायला गेला होता. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ताईनं आपली पर्स उघडून भाजीवाल्यापुढं धरली. "तुम्हीच घ्या किती झाले ते," असं म्हणाली. जी बाई चौदाचा पाढा झोपेत म्हणायची, ती पर्स दुसऱ्यापुढं धरून उभी होती. बत्तिशीनं दुसरा विषय काढला.

गंमत अशी की ज्या तोट्यासाठी एवढं केलं, तो लपला नाहीच. दातांचं यंत्र घ्यायची गोष्ट निघाली, बायकोनं बँकेत चौकशी केली, आणि एका संध्याकाळी सगळं उघड झालं. बत्तिशी मान खाली घालून बसला होता. आता आभाळ कोसळेल असं त्याला वाटत होतं. बायको म्हणाली, "मला वाटलंच होतं. रोज रात्री जेवताना तुमचा चेहरा बघत नव्हते का मी?" महिनाभर ती त्याच्याशी तुटक वागली. मग ओट्याखालच्या दाराला तिनं स्वतःच बिजागरी बसवून घेतली, आणि संसार चालू झाला. आभाळ होतं तिथंच राहिलं. बत्तिशीच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं की, एवढ्याशा गोष्टीसाठी मी ताईला ते बोललो. पण चोराच्या मनात चांदणं असतं. तो विचार त्यानं तिथंच दाबला. ताई विसरूनही गेली असेल, असं स्वतःला सांगितलं.

ती विसरली नव्हती, हे भाऊजींनी सांगितलं. भाऊजींचे उरलेसुरले दात काढून झाले होते आणि मेव्हण्याच्याच हातची कवळी बसवायची असा त्यांचा हट्ट होता. कवळी बसवायचं काम डॉक्टरांचं, पण घासून जागेवर नीट बसवण्यासाठी ते तळघरात आले. बत्तिशीनं कवळी त्यांच्या तोंडात ठेवली, निळा कागद चावायला दिला, कुठं टोचतं ते पाहिलं, आणि ती काढून घासायला घेतली. घासायच्या यंत्राचा आवाज थांबला तसे भाऊजी बोलायला लागले. दात नसल्यामुळे त्यांचे शब्द मऊ मऊ येत होते.

ते म्हणाले की ताई हल्ली दुधाच्या हिशेबालासुद्धा घाबरते. सगळं मला करायला सांगते. त्या वर्षी तुमचं फोनवर बोलणं झालं ना, त्यानंतर तिनं माळ्यावरून सगळे जुने कागद काढले होते. तुझे, इमारतीचे, वाचनालयाचे. दिवसभर टेबलावर मांडून बसायची. चूक काही सापडेना. सापडली असती तर बरं झालं असतं रे, ते म्हणाले, चूक सापडली की माणूस ती सुधारतो आणि मोकळा होतो. सापडली नाही, म्हणजे मला आता चूक दिसतही नाही, असं तिनं मनाशी धरलं. इमारतीच्या लोकांना जाऊन सांगितलं की माझ्या हातून चुका होतात, दुसरं कुणी बघा. ते लोक नको नको म्हणत होते.

"आणि आता खरंच चुकायला लागलीय," भाऊजी म्हणाले. "भीतीनं हातचा धरायचा राहून जातो. तुझी बत्तिशी वठली म्हणायची." स्वतःच्याच कोटीवर ते बोळकं हसू हसले. मग गंभीर झाले. "ती चूक नेमकी कुठली होती रे? ती अजून मला विचारते. तुला विचारायला लाजते."

बत्तिशीच्या हातात कवळी होती. ती त्यानं फडक्यावर ठेवली.

"चूक नव्हती, भाऊजी."

"म्हणजे?"

"नव्हतीच. मला माझा तोटा तिला दाखवायचा नव्हता. म्हणून बोललो."

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. दात नसलेल्या माणसाचा चेहरा आधीच आत गेलेला असतो, तो आणखी आत गेला. ते रागावले असते तर बत्तिशीला बरं वाटलं असतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागावणार कुणावर? त्यांनी हात पुढं करून कवळी घेतली, स्वतःच तोंडात बसवली, आणि उठताना एवढंच म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून तो ताईकडे गेला. ती खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. केस सगळे पांढरे झाले होते, ते त्यानं जणू पहिल्यांदाच पाहिले. भाऊजी काहीतरी निमित्त काढून बाहेर गेले. बत्तिशी टेबलाशी बसला आणि घोटून घोटून तयार केलेलं सगळं विसरून एका दमात सांगून मोकळा झाला. तोटा, यंत्राचे पैसे, सॉफ्टवेअर, आणि त्याच्या आधीच्या वर्षीचा जुळलेला आकडा. तुझं काही चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो, असं तीनदा म्हणाला.

ताई शांतपणे ऐकत होती. दोरा तोडून तिनं सुई गादीत खोचली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, आश्चर्यही आलं नाही. तिला त्याची दया आली होती, हे बत्तिशीला कळलं.

"यांनी पाठवलं ना तुला?" ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून."

"नाही ताई. खरं सांगतोय."

"लहानपणी काचेची बरणी माझ्या हातून फुटली होती. आईसमोर तू उभा राहिलास आणि म्हणालास, मी फोडली. एवढासा होतास. तसाच आहेस अजून."

त्यानं पिशवीतून कागद काढले. सॉफ्टवेअरचा छापील आकडा आणि तिच्या अक्षरातला आकडा शेजारी शेजारी ठेवले. तिनं ते वाकून पाहिले. पण तिची नजर आकड्यांवर ठरत नव्हती, ती नुसती कागदावरून फिरत होती, जशी आपण परक्या लिपीवरून फिरवतो. मग तिनं कागद नीट जुळवले, कडा सारख्या केल्या आणि त्याला परत दिले. म्हणाली, तू चूक नीट करून टाकली होतीस ना, मग आता जुळणारच. कागदावरचं अक्षर तुझंच आहे, असं त्यानं सांगितलं, शपथ घातली, दाताच्या कण्या केल्या. ती ऐकून घेत होती, एखाद्या आजाऱ्याचं बोलणं ऐकावं तसं.

"आणि समजा खरं धरलं," ती शेवटी म्हणाली, "तर एवढ्याशा पैशासाठी तू मला असं कशाला म्हणशील? तू काही दुष्ट नाहीस रे."

बत्तिशीबद्दल ती आयुष्यभर जे चांगलं मानत आली होती तेच आता मध्ये भिंतीसारखं उभं होतं. ते मोडल्याशिवाय खरं तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं, आणि ते मोडायला ती तयार नव्हती. जेवून जा, असं ती म्हणाली. तो जेवला. ती वाढत राहिली.

त्यानंतर त्यानं आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा डॉक्टरांना, त्या सॉफ्टवेअरची माहिती असलेला माणूस म्हणून, बरोबर नेलं. ताईनं त्यांना मानानं बसवलं, चहा दिला, आणि ते गेल्यावर भावाला म्हणाली की, परक्या माणसाला माझ्यासाठी एवढा त्रास देऊ नकोस. तेव्हा त्यानं तो नाद सोडला.

बायको म्हणायची, आता शेअर तरी बंद करा. त्यानं जवळजवळ बंदच केले होते. नवं यंत्र आलं नाही ते नाहीच, पण जुन्या पद्धतीच्या कवळ्या मागणारे डॉक्टर अजून होते, आणि प्लॅस्टर वाळेपर्यंत तो आता वरच्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत बसायचा. तरी वर्षातून मोजके व्यवहार तो मुद्दाम करायचा. सगळं बंद केलं तर विवरणपत्रात काही उरणार नाही, आणि काही उरलं नाही तर लॅपटॉप काखेत मारून ताईकडे जायला निमित्त राहणार नाही. हे कारण त्यानं बायकोला सांगितलं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

गेल्या खेपेला तो गेला तेव्हा ताई टेबलाच्या पलीकडे बसून मटार सोलत होती. त्यानं लॅपटॉप उघडला. यंत्राला वाचून दाखवायची गरज नसते, तरी तो एकेक ओळ मोठ्यानं वाचत होता. इतक्याला घेतला, इतक्याला विकला. ताईची मान खालीच होती. चौथ्या की पाचव्या ओळीला, त्यानं विक्रीची किंमत उच्चारली आणि पडद्यावर उत्तर उमटायच्या आत, तिच्या तोंडून फरक निघून गेला. अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा. बरोबर होता.

"बरोबर," बत्तिशी म्हणाला.

ताईचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. लॅपटॉपकडे बोट केलं.

"त्याला विचार आधी."

त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिनं चष्मा पुढं ओढून तो आकडा वाचला, एकदा, आणि पुन्हा एकदा. मग मान हलवली, आणि पुढच्या ओळीला काही बोलली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तो वाचत राहिला. शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा येत होता. सगळं झाल्यावर त्यानं बटण दाबलं. ताईनं विचारलं, "गेलं?" तो म्हणाला, गेलं. तेव्हा ती मटाराचं भांडं घेऊन आत गेली, आणि तो टेबलावर पडलेली सालं गोळा करत बसला.